महाराजांचा उसना राग

आमच्या घरात रागावण्याचं खातं लग्नापासून माझ्याकडे आहे. ह्यांना रागावता येत नाही. म्हणजे प्रयत्न करतात, पण तो बघवत नाही. आमची मुलगी लहान असताना तिने समोरच्यांच्या खिडकीची काच फोडली, तेव्हा मी ह्यांना म्हटलं, आज तरी जरा बापासारखे दरडावा तिला. हे ताठ मानेने आतल्या खोलीत गेले, दार लावून घेतलं, आणि थोड्या वेळाने बाहेर आले ते तिला खांद्यावर बसवून. वर मलाच सांगायला लागले, की काच मुळातच तडकलेली होती. शेवटी मीच दोघांना फैलावर घेतलं.

त्यामुळे ह्यांना एका कडक बापाची भूमिका मिळाली असं ह्यांनी सांगितलं, तेव्हा मी शिलाई मशीन थांबवून हसले.

"तुम्ही? कडक? अहो, तुम्हाला मांजराला खुर्चीवरून ऊठ म्हणता येत नाही. स्वतः जमिनीवर बसता."

"म्हणूनच तर गंमत आहे," हे म्हणाले.

हे नट आहेत, आणि नावाजलेले नट आहेत. बायको आहे म्हणून सांगत नाही. बायको म्हणून सांगायला बसले तर वेगळंच सांगेन. आजवर ह्यांनी चोर केले, न्यायाधीश केले, एकदा तर नव्वदीची म्हातारी केली आणि शेजारच्या आजी चार दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. हे नवं नाटक ऐतिहासिक होतं. दुष्काळात शत्रूच्या मुलखातली उपाशी माणसं किल्ल्याच्या दाराशी येऊन बसतात. दार उघडायचं नाही, असा राजाचा हुकूम. आणि दार उघडतो कोण, तर राजाचाच मुलगा. मग राजा पोटच्या पोराला हद्दपार करतो. मी त्या दिवसापासून ह्यांना महाराज म्हणायला लागले. महाराज, कचरा खाली न्या. महाराज, ओला टॉवेल पलंगावर टाकायचा नसतो, हे आपल्या राज्यात कोणी शिकवलं नाही का?

ह्यांची काम करायची एक पद्धत आहे, ती सांगायला हवी. हे कुठलीही भूमिका आली की जिवंत माणूस उचलतात. पुस्तकं वाचत नाहीत, संग्रहालयात जाऊन तलवारी बघत नाहीत. कोणाचं तरी चालणं, कोणाचं खाकरणं, कोणाची चहाची बशी धरायची तऱ्हा, असं एकाच माणसाचं सगळं गुपचूप गोळा करतात आणि दुसऱ्याच्या कपड्यांत घालून रंगमंचावर उभं करतात. कोणाला उचललं ते मात्र कधी सांगत नाहीत, अगदी मलासुद्धा नाही. ओळखणं हा आमच्या घरातला खेळ. एका नाटकात ह्यांनी माझ्या भावालाच चिकट घरमालक करून टाकला होता. माझा भाऊ पहिल्या रांगेत बसून पोट धरून हसला आणि नंतर ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आमच्या शेजाऱ्याला काय उचललाय हो! हुबेहूब!" ह्यांनी मूग गिळून मान डोलावली. स्वतःला कोणी ओळखत नाही, हा ह्यांचा अनुभव आहे, आणि ह्यांचं पोट त्यावरच चालतं.

माझं शिवणकामाचं दुकान आहे, घराच्याच खालच्या मजल्यावर. नाटक कंपनीचा शिंपी ह्यांच्या झग्याची बगल नेहमी घट्ट ठेवतो आणि हे हात उगारले की टर्रकन उसवते, म्हणून महाराजांचा झगा मी शिवायला घेतला. हे स्टुलावर उभे, मी खाली गुडघ्यांवर, ओठांत टाचण्या. टाचण्या असल्या तरी माझं बोलणं काही थांबत नाही. सरळ उभे राहा. पोट आत. वाकू नका, घेर बिघडतो. हे आरशात बघत असायचे. मला वाटायचं, झगा बघताहेत.

एकदा नाटकाच्या दिग्दर्शिकाबाई कापड बघायला आल्या, तेव्हा त्यांनी माझ्याकडे तक्रार केली. "मी ह्यांना सांगते, डरकाळी फोडा. सिंहासनावरून गर्जना हवी. तर हे आवाज चढवतच नाहीत. उलट जितका राग जास्त, तितका आवाज खाली."

"वडिलांना उचललं असेल," मी म्हटलं. माझे सासरे स्टेशनमास्तर होते आणि त्यांच्या धाकाने गाड्या वेळेवर यायच्या असं सांगतात. "बाप म्हटल्यावर आणखी कोण असणार?"

हे स्टुलावरून छताकडे बघत होते.

आता मुलीचं सांगते. ही सगळी गोष्ट तिचीच आहे.

तिला आम्ही घरात भिंगरी म्हणतो, कारण लहानपणापासून एका जागी कधी थांबली नाही. दुकान सांभाळेल असं मला वाटायचं. हात चांगला आहे तिचा. पण ती वेल्डिंग शिकली. मी म्हटलं, ठीक आहे, तेही जोडण्याचंच काम. मग समुद्रात खोल बुडी मारायचं शिक्षण घेतलं, तेव्हा मी काही म्हटलं नाही. मग एक दिवस आली आणि म्हणाली, की दूरच्या एका बंदरात नोकरी मिळाली आहे, समुद्राखाली जाऊन जहाजांचे तळ आणि नळ वेल्डिंगने जोडायचे, दोन वर्षांचा करार. समुद्राखाली, अंधारात, हातात आग घेऊन.

मी आवाज चढवला नाही. म्हटलं, "जायचं तर जा. पण या दारातून गेलीस, तर मला विचारायला परत येऊ नकोस."

ती गेली, आणि मैत्रिणीकडे राहायला लागली. मी चुकले असं मी आजही म्हणत नाही. पोरीच्या तोंडून असलं काही ऐकून जिला "वा, छान!" म्हणता येतं, त्या आईला माझा दुरून नमस्कार.

उन्हाळ्यापासून आमचं बोलणं बंद होतं. जे काही चालायचं ते ह्यांच्यामार्फत. "भिंगरी तुझी चौकशी करत होती," हे म्हणायचे.

"तिने केली, की तुम्ही पदरचं घातलंत?"

"करणारच होती. तेवढ्यात फोन कट झाला."

तिकडे तिलाही असंच काहीतरी सांगत असणार. आईचा जीव आहे गं तुझ्यावर, वगैरे. तिचं त्यावर उत्तर ठरलेलं होतं, ते मला ह्यांच्याकडूनच कळलं. "बाबा, तू कायम तिचीच बाजू घेतोस. ती आयुष्यभर माझ्यातल्या चुकाच शोधत आलीये."

तिचं जहाज सुटायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी दुपारी ह्यांच्या नाटकाचा पहिला प्रयोग आला. दोन वर्षं ती दिसणार नव्हती. जाण्याआधी तिने एकदा माझ्यापुढे येऊन उभं राहावं, एवढंच मला हवं होतं. पण मी बोलावणार नव्हते. आणि ती माझीच मुलगी, ती आपणहून येणार नव्हती.

नाट्यगृहात मी माझ्या जागेवर जाऊन बसले. माझ्या डावीकडे एक ऐसपैस बाई, उजवीकडची खुर्ची रिकामी. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले, आणि रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडत भिंगरी आली. हातातल्या तिकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कोणाचं काम ते आम्हा दोघींनाही एकदमच कळलं. दुसरीकडे बसावं तर नाट्यगृह खचाखच भरलेलं. ती बसली. दोघींमध्ये खुर्चीचा एकच हात होता, त्यावर ना तिने हात ठेवला ना मी.

पडदा वर गेला. हे आले, आणि खरं सांगते, मी ह्यांना विसरले. ज्या झग्याचा टाका न् टाका माझा, त्या झग्यात हा कोण उभा आहे, असं वाटलं. ताठ मान, मिटलेले ओठ. दरबारात कोणी चुकीचं बोललं की हा राजा क्षणभर काही बोलायचाच नाही. मग ओठ जेमतेम हलायचे आणि कोपऱ्यातून एकेक शब्द बारीक आवाजात बाहेर पडायचा. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू यायचा. सगळं नाट्यगृह चिडीचूप होतं. मला ह्यांचा इतका अभिमान वाटला, की मी डावीकडच्या बाईंना सांगून टाकलं, "आमचे सासरे आहेत हे. अगदी तेच."

"आजोबा?" उजवीकडून आवाज आला. उन्हाळ्यानंतर तिच्या तोंडून माझ्यासाठी निघालेला हा पहिला शब्द. "आजोबा तर बोंब मारायचे. सगळ्या फलाटाला ऐकू जायचं."

ते खरंच होतं. "मग कोण?" मी विचारलं.

तिने ओठ चावून समोर बघितलं. ती हसू दाबत होती हे मला अंधारातही कळलं, पण कशाचं, ते कळेना.

मध्यंतरात ती बाहेर गेली आणि कॉफीचे दोन पेले घेऊन आली. एक माझ्या हातात दिला. मी कॉफी घेत नाही, चहा घेते, हे तिला पक्कं ठाऊक आहे. बाहेर फक्त कॉफीच असेल असं मी मनाशी म्हटलं आणि सगळी प्यायले.

दुसऱ्या अंकात राजपुत्राला दरबारात उभं करतात. तो म्हणतो, दारात लहान मुलं होती, मी उघडलं. राजा काही बोलत नाही. झग्याच्या काठाची एक घडी चिमटीत धरतो आणि अंगठ्याच्या नखाने दाबत जातो, दाबत जातो, टोकापर्यंत. पुन्हा पहिल्यापासून. मला ते बघून कसंसंच झालं. कुठेतरी बघितलेलं. मग माझी नजर माझ्या मांडीवर गेली. माझ्या हातातल्या नाटकाच्या पत्रकाला मी घडी घातली होती, आणि माझा अंगठा तिच्यावरून टोकापर्यंत चालला होता.

इस्त्री तापेपर्यंत कापडाची घडी नखानेच बसवायची, ही आमच्या धंद्यातली सवय. आणि ते मिटलेले ओठ, तो कोपऱ्यातून येणारा बारीक आवाज? राजाच्या तोंडात टाचण्या होत्या! एकही दिसत नव्हती, पण होत्या. माझ्या टाचण्या.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. मागून कोणीतरी पुटपुटलं, "दगड आहे मेला, बाप कसला." त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं, आणि रडूही आलं. ह्यांना जगात दुसरं कोणी सापडलं नाही? आणि आज? पोर उद्या जाणार, ती शेजारी बसलेली, आणि हिच्या डोळ्यांसमोर, शेकडो लोकांपुढे, आई कशी दगड आहे ते दाखवायचं? तिने पहिल्याच अंकात ओळखलं होतं. मी माझ्या भावाइतकीच मठ्ठ निघाले. उठून जावं म्हटलं तर रांगेच्या मधोमध जागा, तीही ह्यांनीच दिलेली. घरी गेल्यावर महाराजांची काय गत करायची, ते मी ठरवत बसले.

शेवटचा प्रवेश आला. पहाट, किल्ल्याचं दार, राजपुत्र प्रवासाच्या जाड डगल्यात. राजा म्हणतो, "या दारातून गेलास, की परत विचारायला येऊ नकोस." हे वाक्य लेखकाचं होतं की ह्यांचं, मला अजून माहीत नाही. माझ्या बाजूची खुर्ची करकरली. राजपुत्र पाठ फिरवून चालायला लागला. इथे पडदा पडायचा असतो, हे मला दिग्दर्शिकाबाईंकडून ठाऊक होतं.

"थांब," राजा म्हणाला.

नाटकात हे नव्हतं. राजपुत्र झालेला तो बिचारा नट गोंधळून खरोखरच थांबला. सगळ्यांना वाटलं, आता माफ करणार. मलाही वाटलं. राजा सावकाश त्याच्यासमोर गेला, खाली वाकला, आणि मुलाच्या डगल्याचं गळ्याशी असलेलं बटण चिमटीत धरून एकदा ओढून बघितलं. मग त्याखालचं. मग त्याखालचं. टाका पक्का आहे ना, धागा सुटला नाही ना. मुलगा समोर बघत उभा. त्याला बापाचं वाकलेलं डोकं तेवढं दिसत असणार. पण आम्हाला, खाली बसलेल्यांना, चेहरा दिसत होता. तो चेहरा कसा होता ते मला सांगता यायचं नाही. मी तो कधी पाहिलेला नाही, कारण अशी बटणं ओढून बघताना तो माझ्याच मानेवर असतो. एवढं कळलं, की हा माणूस प्रत्येक बटणाशी म्हणतोय, जाऊ नकोस, जाऊ नकोस, आणि हात मात्र त्याच्या प्रवासासाठी बटणं पक्की करताहेत.

शेवटचं बटण झालं. राजा सरळ झाला तेव्हा चेहरा पुन्हा होता तसा, ओठ मिटलेले. "जा," तो म्हणाला.

पडदा पडला. मागचा मघाचा माणूस नाक ओढत होता. भिंगरी टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिले, कारण माझ्या चेहऱ्याचा मला भरवसा नव्हता.

गर्दीबरोबर आम्ही बाहेरच्या दालनात आलो. बाहेर उजेड मावळला होता आणि रस्त्यावरचे दिवे लागत होते. थोड्या वेळाने महाराज आले. अर्धी दाढी काढलेली, अर्धी तशीच, आणि एका खांबाआडून अंदाज घेत. बायकोला घाबरणारा इतका कडक राजा कोणी पाहिला नसेल.

"कसं झालं?" ह्यांनी मलाच विचारलं. "ओळखलंस कोणाला उचललंय?"

"सासऱ्यांना," मी म्हटलं.

"बरोबर," हे म्हणाले. "बाबांनाच." आणि दिग्दर्शिकाबाई बोलावताहेत अशी थाप मारून पसार झाले. तिकडे कोणीही बोलावत नव्हतं.

राहिलो आम्ही दोघी. थंडी होती, तिने कोट चढवला. मग ती म्हणाली, "आई, रोज शाळेत जाताना तू असंच करायचीस. दारात थांबवायचीस. मला वाटायचं, तू तपासतेस. मी काय तोडलंय, काय घाण केलंय, ते शोधतेस."

"टाके बघायचे मी," मी म्हटलं. "शाळेत उसवलं तर तुला थंडी वाजेल म्हणून."

"मला काय माहीत? मला फक्त तुझा भांग दिसायचा."

शाळेपासून आजपर्यंत ही पोर माझ्या भांगाशी भांडत होती, आणि मला कोणी सांगितलं नाही. माझे हात आपोआप तिच्या कोटाकडे गेले. हा कोट मी शिवलेला नव्हता, दुकानातला तयार होता, आणि तयार कोटांची बटणं कशी लावतात ते मला विचारा. वरचं बटण मी धरलं, ओढलं. जरा हलत होतं. मी वाकून खालचं धरलं.

"आई," ती म्हणाली. "वर बघ ना."

मी बटण सोडलं नाही. दरबारात उभं राहणं सोपं असेल, पण ते जड गेलं. तिने माझ्या हनुवटीला बोट लावलं, जसं मी ती लहान असताना लावायचे, आणि मी वर बघितलं. मला माहीत होतं आता तिला काय दिसणार. राजाचं दिसलं तेच. फक्त इथे पडदा नव्हता.

"मला भीती वाटते गं," मी म्हटलं. "तू पाण्याखाली जाणार याची. उन्हाळ्यापासून मला दुसरं काही सांगायचंच नव्हतं."

मग तिचा तो ताठ, माझ्यासारखा मिटलेला ओठ थरथरला, आणि ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून हळूच, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "मला पण वाटते, आई. फार वाटते. कोणाला सांगू, तेच कळत नव्हतं."